पावसाळ्याआधी नव्या सेलची नाडीपरीक्षा

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील माणसाला वीज जाणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, त्याच दिवशी सायंकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि तेथे ८०हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते पाण्याखाली, वीज बंद आणि मोबाईल मुका, अशा अवस्थेत या डोंगराळ मुलखाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. त्याआधी २००५च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. बॅटरी दरड थांबवत नाही, हे खरेच. पण अंधाऱ्या रात्री घरात दोन दिवे लागणे, रेडिओ चालू राहणे आणि मोबाईलचे जाळे पुन्हा सुरू होईल त्या क्षणी हातातला मोबाईल जिवंत असणे, एवढे काम ती निश्चित करू शकते. अट एकच: ज्या क्षमतेचे पैसे आपण मोजले, ती क्षमता तिच्यात खरोखर असली पाहिजे.

गेल्या काही वर्षांत घरगुती इन्व्हर्टर, सौर दिवे आणि मोबाईल टॉवर या सर्व ठिकाणी आम्लाच्या जड बॅटऱ्यांची जागा लिथियमच्या बॅटऱ्या घेऊ लागल्या आहेत. त्यांतही स्थिर वापरासाठी जो प्रकार सर्वाधिक पसंत केला जातो, तो 'लिथियम आयर्न फॉस्फेट'चा. १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी अक्षय पाधी व नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह या पदार्थावरील संशोधन प्रसिद्ध केले. पुढे २०१९मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, लिथियम बॅटरीच्या विकासाबद्दल गुडइनफ यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पदार्थातील ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो, की सेल तापला तरी तो सहजी सुटून आगीला हातभार लावत नाही. इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा हा प्रकार घरात ठेवण्यास अधिक सुरक्षित मानला जातो, तो यामुळे.

मात्र याच रसायनात ग्राहकाला चकवणारा एक गुण आहे. आम्लाच्या बॅटरीची अवस्था तिच्या व्होल्टेजवरून बऱ्यापैकी कळते. फॉस्फेटच्या सेलचे तसे नाही. तो २० टक्के भरलेला असताना साधारण ३.२ व्होल्ट दाखवतो आणि ८० टक्के भरलेला असताना ३.३ व्होल्टच्या आसपास. मधला सारा प्रवास एका दशांश व्होल्टच्या पोटात होतो. याचे कारण असे, की या पदार्थात लिथियम भरलेला आणि लिथियम निघून गेलेला असे दोन भाग शेजारी शेजारी नांदतात. एकाचे रूपांतर दुसऱ्यात होत असताना त्यांचे प्रमाण बदलते, व्होल्टेज जवळजवळ बदलत नाही. पातेल्यातले बर्फ वितळून संपेपर्यंत तापमान शून्यावरच अडून राहते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून दुकानदार नव्या सेलला मल्टिमीटर लावून '३.२९, एकदम फ्रेश' असे म्हणतो, तेव्हा त्याने खोटे काही सांगितलेले नसते, पण खरेही फारसे सांगितलेले नसते. सेल अगदी रिकामा नाही आणि अगदी भरलेला नाही, इतकेच त्या आकड्यावरून कळते. १०० ॲम्पिअर-तासांचा अस्सल सेल आणि वापरून ७० वर आलेला, नवे आवरण चढवलेला जुना सेल, दोघेही ३.२९च दाखवू शकतात.

तरीही व्होल्टेज अजिबात पाहू नये असे नाही. कारखान्यातून सेल अर्धवट भरूनच पाठवले जातात. विमानाने पाठवायचे असतील तर त्यांत ३० टक्क्यांहून अधिक भार नसावा, असा नियम २०१६पासून आहे. नवा सेल हाती पडताना ३.२ ते ३.३ व्होल्टच्या दरम्यान असेल तर त्यात वावगे काही नाही. २.५ व्होल्टच्या खाली असेल तर शंका घ्यावी आणि २ व्होल्टच्याही खाली गेलेला असेल तर तो परतच करावा. इतक्या खोलवर रिकाम्या झालेल्या सेलमध्ये आतील तांब्याचा पत्रा इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतो आणि पुन्हा भार देताना ते तांबे भलत्याच जागी साचून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. 'चार्ज केला की उठेल' या आश्वासनावर येथे विश्वास ठेवू नये.

व्होल्टेजच्याही आधी सेल डोळ्यांनी पाहावा. सपाट धातूच्या डब्यासारख्या सेलच्या बाजू फुगलेल्या आहेत काय, टर्मिनलवर घासल्याच्या वा पूर्वीच्या वेल्डिंगच्या खुणा आहेत काय, निळे आवरण दुसऱ्यांदा चढवल्यासारखे सैल आहे काय, कारखान्याने कोरलेला चौकोनी संकेत खरवडलेला आहे काय, गोडसर रासायनिक वास येतो काय, हे सर्व विनाखर्च कळते. चारही सेलवरील उत्पादनाची तारीख एकच किंवा जवळपासची असावी. वजनकाटाही उपयोगी पडतो. सौर दिव्यांत वापरला जाणारा ६ ॲम्पिअर-तासांचा जाड नळकांडी सेल साधारण १४० ग्रॅम भरतो आणि १०० ॲम्पिअर-तासांचा सपाट सेल दोन किलोच्या आसपास. वजनात बरीच तूट असेल तर आत माल कमी आहे, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

खरी परीक्षा मात्र एकच आणि ती वेळखाऊ आहे. सेल पूर्ण भरायचा, मग ठरावीक प्रवाहाने पूर्ण रिकामा करायचा आणि त्यातून किती निघाले ते मोजायचे. भरताना स्थिर प्रवाहाने ३.६५ व्होल्टपर्यंत न्यावे आणि तेथेच धरून ठेवावे. १०० ॲम्पिअर-तासांच्या सेलमध्ये शिरणारा प्रवाह ५ ॲम्पिअरपर्यंत उतरला की तो भरला असे समजावे. तासभर विश्रांती देऊन मग २० ॲम्पिअरच्या स्थिर प्रवाहाने २.५ व्होल्टपर्यंत उतरवावा. पाच तास चालला तर २० गुणिले ५, म्हणजे पुरते १०० ॲम्पिअर-तास निघाले. चांगल्या कारखान्याचा नवा सेल छापील आकड्याहून थोडे अधिकच देतो. ९५ही न देणारा सेल 'नवा' या नावाने विकणे ही फसवणूकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात पाच मिनिटांत ही तपासणी होत नाही आणि नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला जातो.

ज्यांच्याकडे असे उपकरण नाही, त्यांना संपूर्ण बॅटरीवर हा प्रयोग करता येतो. चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते. तिला मोटारीच्या पुढच्या दिव्याचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडले तर साधारण ८ ते ९ ॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ११-१२ तासांत रिती होते. किती निघाले हे मोजणारे छोटे डीसी मीटर बाजारात मिळते. बल्ब फार तापतात, तेव्हा ते लाकडावर वा प्लास्टिकवर ठेवू नयेत, बॅटरीसोबतचे 'बीएमएस' हे संरक्षक सर्किट काढू नये आणि प्रयोग सोडून बाहेर जाऊ नये. पहिले आठ-नऊ तास व्होल्टेज जागचे हलत नाही. शेवटच्या तासात मात्र दर पाच-दहा मिनिटांनी चारही सेलचे व्होल्टेज वेगवेगळे पाहावे, कारण ज्याची क्षमता कमी तो इतरांच्या आधी कोसळतो. त्याने तळ गाठला की बीएमएस सर्व बॅटरी बंद करते, उरलेल्या तिघांत कितीही शिल्लक असली तरी.

येथे घाई केली तर एका निर्दोष सेलवर ठपका येतो. आधी रिकामा झालेला सेल क्षमतेने खुजा असेल किंवा सुरुवातीलाच कमी भरलेला असेल. फरक ओळखण्याची खूण अशी: जो भरताना सर्वांच्या शेवटी भरतो आणि रिकामा होताना सर्वांच्या आधी होतो, तो केवळ मागे पडलेला आहे. त्याला एकट्याला थोडा भार दिला की तो रांगेत येतो. जो आधी भरतो आणि आधीच रिकामाही होतो, तो मुळातच लहान आहे आणि त्याला कोणताही उपाय नाही. हा घोळ टाळण्यासाठी जाणकार कारागीर चारही सेल प्रथम समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरतात आणि मगच एकापुढे एक जोडतात. लहान चार्जरने यास एक-दोन दिवसही लागतात. 'बीएमएस करील बॅलन्स' म्हणून ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. पण सामान्य बीएमएसचा समतोल साधणारा प्रवाह ॲम्पिअरच्या एखाद्या दशांशाहून कमीच असतो, आणि १० ॲम्पिअर-तासांची तफावत त्या वेगाने भरून निघायला कित्येक दिवस लागतात. तयार, बंद बॅटरी घेणाऱ्यांनी प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोबाईलवर दाखवणारी बीएमएस असलेलीच घ्यावी. झाकण उघडून वॉरंटी घालवावी लागत नाही.

दुसरी कसोटी अंतर्गत रोधाची. १०० ॲम्पिअर-तासांच्या चांगल्या सेलचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याजवळ असतो. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध त्याच्या शेकडो पट, त्यामुळे तेथे तो निरुपयोगी. त्यासाठी चार तारांचे वेगळे मीटर लागते. आकडा किती, यापेक्षा चारही सेलचे आकडे एकमेकांजवळ आहेत काय, हे महत्त्वाचे. त्यातही कोकणात एक गोष्ट विसरू नये. दमट हवेत ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर ऑक्साइडचा थर चढतो, नट किंचित सैल राहतो आणि सांध्याचा रोध सेलच्या नावावर जमा होतो. टर्मिनल स्वच्छ पुसून, नट उत्पादकाने सांगितले तेवढेच आवळून पुन्हा मोजावे. निम्मे 'खराब' सेल तेवढ्यानेच बरे होतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

तिसरी कसोटी गळतीची. निरोगी सेल नुसता पडून राहिला तर महिन्याला दोन-तीन टक्के भार गमावतो. एखाद्यात आतील दोषामुळे हे प्रमाण बरेच अधिक असते. अर्ध्या भरलेल्या सेलमध्ये ही गळती दिसत नाही, कारण तेथे व्होल्टेज हलतच नाही. म्हणून सेल जवळजवळ रिकामा करून, सुमारे १० टक्क्यांवर, सर्व जोडण्या काढून ठेवावा. तेथे व्होल्टेजचा उतार तीव्र असतो. एक दिवसानंतरचे व्होल्टेज तीन दशांश स्थळांपर्यंत टिपून घ्यावे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. चौघांपैकी एकच बराच खाली गेला असेल तर दोष त्याचा.

या साऱ्या मोजमापांवर हवामानाचा परिणाम होतो. उत्पादकाचे आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात. मे महिन्यातील महाडची दुपार त्याहून पुष्कळ उष्ण असते आणि उष्णतेत सेलचा रोध कमी भरतो, म्हणजे मध्यम प्रतीचा सेलही तेवढा वेळ तरतरीत वाटतो. चारही सेल एकाच खोलीत, शक्यतो पहाटेच्या गारव्यात मोजावेत. बॅटरी पत्र्याच्या छपराखाली कायमची ठेवणे मात्र टाळावे, उष्णतेत तिचे आयुष्य घटते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा हिशेब साधा आहे. १२.८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तास म्हणजे १२८० वॅट-तास. इन्व्हर्टरची तूट वजा जाता हाती सुमारे १००० येतात. नऊ वॅटचे दोन दिवे दहा तास आणि एक मोबाईल भरणे, याला रात्रीचे २०० वॅट-तास पुरतात, म्हणजे पाच रात्री निघतात. चारांपैकी एकच सेल ७० ॲम्पिअर-तासांचा निघाला तर सारी बॅटरी ७०चीच होते आणि पाच रात्रींच्या साडेतीन राहतात. आंबेनळी घाटाखालच्या एखाद्या वाडीवर ती उरलेली दीड रात्र किती लांब असते, हे तेथल्या माणसांनाच विचारावे.

तेव्हा खरेदी एप्रिलपर्यंत उरकावी. परत करण्याची मुदत किती दिवसांची, हे बिलावर लिहून घ्यावे आणि क्षमतेची तपासणी त्या मुदतीत संपवावी. सेल हाताळताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. पान्हा दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर शेकडो ॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि लोखंड लाल होते. पुराचे पाणी लागलेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्ज करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, ती घराबाहेर मोकळ्यावर ठेवून विक्रेत्याकडे परत द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आणि तपासलेल्या प्रत्येक सेलवर क्षमता, रोध व तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच बल्बांवर तीच बॅटरी पुन्हा लावली की तुलनेला आकडे तयार असतात.