सोन्यावरील शुल्क आणि पेढीवरील व्रत

ऑगस्ट २०१३ मध्ये एका डॉलरसाठी ६८ रुपयांहून अधिक मोजावे लागले. त्याआधीच्या २०१२-१३ या वर्षात देशाच्या चालू खात्यावरील तूट सुमारे ८८ अब्ज डॉलरवर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर पोहोचली होती. त्याच वर्षी सोन्याच्या आयातीवर सुमारे ५४ अब्ज डॉलर खर्च झाले होते. तेलावाचून कारखाने थांबतील, सोन्यावाचून काय थांबणार, असा सरळ हिशेब दिल्लीत मांडला गेला. सोने घेऊ नका, असे तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी जनतेला विनविले. दीड-दोन वर्षांत आयातशुल्क २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेण्यात आले. शिवाय आयात मालाचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखण्याची अट आली.

तूट घटली, हे नाकारता येत नाही. पुढच्याच वर्षी ती १.७ टक्क्यांवर आली. शुल्काचे समर्थक हाच आकडा पुढे करतात. विरोधकांचे म्हणणे असे, की महागाई ठेवींवरील व्याज गिळून टाकीत होती म्हणून गृहस्थ सोन्याकडे वळला; तूट हे दुखण्याचे लक्षण होते, कारण नव्हे. शिवाय लग्नसराई शुल्क पाहून थांबत नाही. राजमार्गाने यावयाचे सोने कंबरपट्ट्यांतून आणि विमानांच्या स्वच्छतागृहांतून येऊ लागले.

या वादात पावती देऊन विकणाऱ्या सराफाचा आवाज फारसा ऐकू आला नाही. १० टक्के शुल्क म्हणजे किलोमागे १०० ग्रॅम सोन्याची किंमत. चोख सोन्याच्या व्यवहारात एवढा नफा कोणत्याही पेढीला सुटत नाही. शेजारी दोन नंबरचा माल विकला जात असेल, तर प्रामाणिक पेढीची पायरी गिऱ्हाईक भाव ऐकूनच उतरते. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे आणि खोटी वजनमापे वापरणे यांच्या मध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो, म्हणजे राज्याचा नियम डावलून केलेली देवघेव. श्रावकाला शुल्क अन्यायाचे वाटू शकते, पण ते चुकविण्याची मुभा त्याला नाही. शुल्क चढते तसतसे हे व्रत महाग होत जाते, आणि तो खर्च तुटीच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

जुलै २०२२ मध्ये शुल्क १५ टक्क्यांवर गेले; जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते एकदम ६ टक्क्यांवर उतरले. आता तूट फुगणार, अशी ओरड झाली. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात तर प्रथम १४.८ अब्ज डॉलर म्हणून जाहीर झाली आणि दुहेरी नोंद आढळल्यावर सुमारे ५ अब्ज डॉलरने खाली आणावी लागली. पेढीच्या खतावणीत अशी चूक निघाली असती, तर दिवाणजींची धडगत नव्हती!

शुल्ककपात बाजाराला हवीच होती. पण १५ टक्के भरून घेतलेला साठा त्या एका दुपारी स्वस्त झाला. ज्यांनी शुल्क कधी भरलेच नव्हते, त्यांना ती झळ सर्वांत कमी बसली.