खाटेवरून दिसणारे रुग्णालय

नवे रुग्णालय बांधायचे ठरले की नकाशा पक्का होण्याआधी एक मंडळ दौऱ्यावर निघते. त्यात वास्तुरचनाकार असतो, एखादा विश्वस्त असतो, दोन-तीन डॉक्टर असतात आणि संस्था शहाणी असेल तर एक जुनी-जाणती परिचारिकाही असते. इतरांनी काय बांधले, ते कसे चालते आणि त्यातले आपल्याकडे काय जमेल, हे पाहून यायचे असते. पूर्वी अशा दौऱ्यांत शस्त्रक्रियागृहे आणि यंत्रे पाहिली जात. अलीकडे बागा, तळी, गच्चीवरचे भाजीचे वाफे आणि चक्क स्वयंपाकघरातली टेबलेही पाहिली जातात.

जागेचा आणि बरे होण्याचा संबंध असतो, ही समजूत मराठी माणसाला नवी नाही. ‘हवापालट’ हा शब्द त्यातूनच आला. क्षयावर औषध नव्हते तेव्हा डॉक्टर उंचावरची कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती लिहून देत. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीला सुरू केलेले बेल-एअर आरोग्यधाम याच विचारातले. युरोपातही तेव्हा हाच उपचार होता, आणि त्यासाठी बांधलेली एक इमारत आजही जगभरचे वास्तुरचनाकार पाहायला जातात. ती फिनलंडमध्ये तुर्कू शहराजवळ, पाइनच्या जंगलात असलेल्या पायमिओ या गावी आहे.

पायमिओचे क्षयरोग आरोग्यधाम आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने उभारले. १९२९ साली त्याने त्यासाठीची स्पर्धा जिंकली आणि १९३३ मध्ये इमारत वापरात आली. त्या काळात आल्टो स्वतः आजारी पडला होता. खाटेवर पडून राहिल्यावर त्याच्या लक्षात आले की खोल्या उभ्या माणसासाठी आखल्या जातात आणि रुग्ण तर दिवसभर आडवा असतो. आडव्या माणसाला भिंती कमी आणि छत जास्त दिसते, म्हणून पायमिओच्या खोल्यांचे छत डोळ्यांना निववणाऱ्या गडद हिरवट रंगाचे केले. दिवे पडलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे बसवले. दोघांच्या खोलीत प्रत्येकाला वेगळे हात धुण्याचे भांडे दिले आणि त्याचा उतार असा ठेवला की एकाने रात्री हात धुतले तरी पाण्याच्या आवाजाने शेजारच्याची झोप मोडू नये. दाराच्या मुठीही डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये अशा वळवल्या. वाकवलेल्या बर्च प्लायवूडची ‘पायमिओ खुर्ची’ आज संग्रहालयांत दिसते. तिच्या पाठीचा कल मात्र क्षयरुग्णाला श्वास घेणे सोपे जावे म्हणून ठरलेला आहे.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला आणि पुढच्या दोन दशकांत अशी आरोग्यधामे ओस पडली. पायमिओचेही साधे रुग्णालय झाले. ऊन खाण्याच्या लांबलचक गच्च्यांचे काम संपले. तरी तिथे जाणारा माणूस गच्च्या पाहून थक्क होतो आणि हात धुण्याच्या भांड्यापाशी रेंगाळतो, कारण रुग्णाच्या शेजाऱ्याच्या झोपेचा विचार कोणत्याही औषधाने जुना होत नाही.

औषधे आल्यावर रुग्णालये बदलली. वातानुकूलन आले, खोल इमारती आल्या, खिडकी नसलेल्या मार्गिका आल्या. झाडे फाटकापाशी शोभेपुरती उरली. ती पुन्हा आत आणायला आधार मिळाला तो एका लहानशा अभ्यासाचा. अमेरिकेतल्या रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण निवडून त्यांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. पहिल्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्याविषयी तक्रारीचे शेरेही कमी होते. हा निबंध १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. रुग्ण मोजकेच होते आणि रुग्णालय एकच, तेव्हा झाडे पाहून रोग बरा होतो असा अर्थ त्यातून काढू नये. पण खिडकीबाहेर काय आहे याचा हिशेब दिवसांत आणि गोळ्यांत मांडता येतो, हे त्याने दाखवले. विश्वस्त मंडळापुढे असा हिशेबच चालतो.

हा हिशेब पूर्ण रुग्णालयभर मांडलेला पाहायचा तर सिंगापूरच्या उत्तरेकडच्या यीशुन भागात जावे लागते. तिथले खू टेक पुआट रुग्णालय २०१० साली सुरू झाले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या उद्योगपतींच्या कुटुंबाने त्यासाठी १२ कोटी ५० लाख सिंगापूर डॉलर दिले. आवारात पाऊल टाकताच माणसाचा रक्तदाब उतरावा, अशी अपेक्षा रुग्णालयाचे तेव्हाचे प्रमुख लियाक टेंग लिट यांनी रचनाकारांपुढे ठेवली होती. बोलायला सोपी आणि बांधायला अवघड अशी ही मागणी. इमारतीचे भाग एका मोठ्या चौकाभोवती मांडले आहेत आणि चौक एका बाजूने यीशुन तलावाकडे उघडा सोडला आहे. हा तलाव मुळात पावसाचे पाणी साठवण्यासाठी होता. रुग्णालयाने सरकारी खात्यांना बरोबर घेऊन त्याच्या काठाने पायवाट केली, झाडे लावली आणि तलावाचे पाणी बागेला वापरले. त्यामुळे रुग्ण, त्याचे नातेवाईक आणि संध्याकाळी फिरायला निघालेले शेजारी एकाच वाटेवर भेटतात.

झाडे नुसती हिरवी दिसतात म्हणून लावलेली नाहीत. फुलपाखरांना कोणती पाने अंडी घालायला लागतात आणि कोणत्या फुलांतला मध लागतो हे पाहून ती निवडली. तळघरातल्या मजल्यापर्यंत उजेड आणि वेली पोचतात. गच्चीवर भाज्या आणि फळझाडे आहेत आणि ती राखण्याचे काम आसपासच्या वसाहतीतले रहिवासी स्वयंसेवक म्हणून करतात. बागेचा खर्च कोण करणार, या नेहमीच्या प्रश्नाचे हे निदान अर्धे उत्तर आहे.

पाहण्यासारखी खरी गोष्ट मात्र फोटोत येत नाही. सिंगापूरच्या सरकारी रुग्णालयांत सर्वांत स्वस्त वॉर्डांना वातानुकूलन नसते. एरवी अशा वॉर्डात छताला पंखे लावले की काम झाले असे समजतात. इथे त्याच वॉर्डांवर अधिक डोके चालवले आहे. वारा वर्षभर कोणत्या दिशांनी येतो ते पाहून इमारतीच्या प्रतिकृतीवर वातबोगद्यात चाचण्या घेतल्या आणि बाहेरच्या भिंतींना उभे पंख बसवले. हे पंख वारा अडवून खिडक्यांकडे वळवतात. पावसात खिडकी बंद करावी तर आत गुदमरते आणि उघडी ठेवावी तर खाट भिजते, ही अडचण कोकणात कोणाला समजावून सांगायला नको. त्यावर त्यांनी वेगळ्या झडपांच्या खिडक्या केल्या, ज्यांतून मुसळधार पावसातही वारा येतो आणि पाणी बाहेर राहते. २०१७ साली निसर्गस्नेही रचनेचा स्टीफन केलर्ट पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो या रुग्णालयाला. पुरस्काराच्या निमित्ताने बागेचे फोटो सगळीकडे झळकले, झडपांचे फार थोडे.

पैसा कमी असला तर काय, याचे उत्तर बांगलादेशात आहे. साताखीरा जिल्ह्यातल्या श्यामनगर इथे ‘फ्रेंडशिप’ या संस्थेचे ८० खाटांचे रुग्णालय काशेफ चौधरी यांनी रचले आहे. खाडीकाठचा प्रदेश, कोळंबीची शेती, त्यामुळे जमिनीखालचे पाणी खारट. म्हणून गावासारख्या पसरलेल्या विटांच्या इमारतींमधून एक पाट काढला आणि सगळ्या छपरांचे पावसाचे पाणी त्यातून टाकीत नेले. हाच पाट बाह्यरुग्ण विभाग आणि आतले वॉर्ड यांच्यातली हद्द आहे. भिंत न बांधता गर्दी अलीकडे थांबते आणि पाण्यावरून येणारा वारा पलीकडे जातो. या इमारतीला ब्रिटनच्या वास्तुरचनाकारांच्या ‘रीबा’ संस्थेचा २०२१ चा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रवांडातल्या बुटारो इथे ‘मास डिझाइन ग्रुप’ने २०११ साली पूर्ण केलेल्या जिल्हा रुग्णालयात क्षयाचा संसर्ग पसरू नये म्हणून मार्गिकाच इमारतीबाहेर काढल्या आहेत. रुग्ण व्हरांड्यात थांबतात, बंद बोळात एकमेकांवर खोकत बसत नाहीत. खाटा भिंतीला टेकवलेल्या नाहीत. त्या वॉर्डाच्या मध्यावर असून प्रत्येक रुग्णाचे तोंड खिडकीकडे आहे. आल्टोचाच विचार, वेगळ्या मातीत.

ब्रिटनमधली मॅगीज केंद्रे रुग्णालये नव्हेत. कर्करुग्ण आणि त्यांचे आप्त यांनी रुग्णालयाशेजारी येऊन बसावे, बोलावे, यासाठीची ही घरे आहेत. चिनी बागांवर ग्रंथ लिहिणाऱ्या मॅगी केझविक जेंक्स यांना १९९३ साली आपला कर्करोग उलटल्याचे कळले, आणि ते ऐकून त्यांना खिडकी नसलेल्या मार्गिकेत बसावे लागले. तिथे सुचलेली कल्पना १९९६ मध्ये एडिंबराला एका जुन्या तबेल्याचे रूप पालटून प्रत्यक्षात आली. त्या स्वतः आदल्या वर्षी गेल्या होत्या. पुढे फ्रँक गेरी, रिचर्ड रॉजर्स, नॉर्मन फॉस्टर अशा बड्या मंडळींनी ही केंद्रे बांधली. रॉजर्स यांच्या लंडनमधल्या केंद्राला २००९ चा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. रूपे निरनिराळी असली तरी सर्वांना दिलेले मागणीपत्र एकच आणि थोडक्या पानांचे. मध्ये स्वयंपाकघर आणि मोठे टेबल हवे, स्वागतकक्षाचा काउंटर नको, आतून बाग दिसावी. स्वच्छतागृहांविषयीही त्यात सूचना आहे. दाराखाली फट असलेली ओळीने मांडलेली खोकी नकोत, आत निवांत रडता आले पाहिजे. एवढे नेमके वाक्य सहसा मागणीपत्रात येत नाही, कारण ते लिहिणाऱ्याला तशा जागेची गरज कधी पडलेली नसते.

उपचारासाठीची बाग आणि शोभेची बाग यांतला फरकही असाच वापरणाऱ्याकडून ठरतो. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या मणक्यांच्या उपचारकेंद्रात २०१२ साली उघडलेल्या ‘होरेशिओज गार्डन’चे उदाहरण घेता येते. होरेशिओ चॅपल या शाळकरी मुलाने तिथे स्वयंसेवक असताना रुग्णांना काय हवे ते प्रश्नावली काढून विचारले होते. तो २०११ मध्ये ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात गेला आणि बाग त्याच्या नावाने झाली. क्लीव्ह वेस्ट यांनी केलेल्या या बागेत वाटा इतक्या रुंद आणि गुळगुळीत आहेत की रुग्णाला खाटेसकट बाहेर आणता येते. मणक्याला इजा झालेल्या माणसाला वाटेतला अर्ध्या बोटाचा उंचवटाही हादरा देतो. बसायच्या ठेंगण्या दगडी भिंतींना मणक्याचाच आकार दिला आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बागेचे नियम वेगळे. तिथली वाट फिरून सुरुवातीलाच येते, कारण वाट संपून समोर बंद दार आले की रुग्ण गोंधळतो, चिडतो. झाडे त्यांच्या तरुणपणच्या ओळखीची लागतात. लंडनमध्ये ती लॅव्हेंडर असेल, साताऱ्यात तुळस, मोगरा, सोनचाफा. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला मात्र उग्र वासाने मळमळते. त्यामुळे रातराणी कितीही आवडती असली तरी त्या वॉर्डाच्या खिडकीखाली नको. कण्हेर महामार्गांच्या दुभाजकांवर शोभते, पण ती विषारी आहे, आणि लहान मुले किंवा भान हरपलेले रुग्ण जिथे येतात तिथे ती लावता येत नाही. अवयवरोपण झालेल्यांच्या खोलीत मातीची कुंडी ठेवत नाहीत, कारण मातीतली बुरशी त्यांच्या जिवावर बेतू शकते. त्यांच्यासाठी बाग काचेबाहेरच बरी. आणि तळे करायचे तर पाणी हलते हवे, त्यात मासे हवेत, नाहीतर डेंग्यूचे वॉर्ड वाढवावे लागतील.

या सगळ्यामुळे पाहणीचा दौरा कसा करावा यालाही काही रीत आहे. संस्थेचा जनसंपर्क अधिकारी दाखवील ते पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. बागेत कोणी बसलेले आहे का, की दाराला कुलूप आहे? हिरवळीवरून पायवाट पडली असेल तर लोकांना जायचे होते तिकडे वाट आखलेली नव्हती. बाक सावलीकडे ओढलेला असेल तर तो चुकीच्या जागी होता. सलाईनचा स्टँड घेऊन दार एका हाताने उघडते का, चाकाच्या खुर्चीवरून झाडाच्या पानाला हात पुरतो का, हे करून पाहता येते. रुग्णांचे फोटो घ्यायचे नसतात आणि वॉर्डात घोळक्याने शिरायचे नसते. पण रिकामी खाट असेल तर परवानगीने तिच्यावर पाच मिनिटे पडून छताकडे पाहायला हरकत नसते. माळी, सफाई करणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीच्या परिचारिका यांच्याशी बोलल्यावर नळ कुठे कमी पडला, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, पाने कोणत्या गटारात अडकतात, हे कळते.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयासाठी या दौऱ्यातून उचलताना एक गोष्ट वाढवावी लागते. परदेशातल्या आराखड्यांत रुग्णाबरोबर एखादा आप्त गृहीत धरलेला असतो. इथे गावाहून चौघे येतात, पथारी आणि डबा घेऊन येतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेखाली किंवा वडाखाली दिवस काढतात. ते झाड म्हणजे त्या रुग्णालयाची चालती बाग असते. त्याला पार, पिण्याचे पाणी, जवळ स्वच्छतागृह आणि नाव पुकारलेले ऐकू येईल असा कर्णा मिळाला, तर वेगळी बाग मागाहून करता येईल. बहुतेक वेळा घडते उलटे. विस्ताराच्या नकाशात पहिल्यांदा तेच झाड येते आणि तिथे वाहनतळ होतो.