जुनी लक्झरी सेडान घेताय? आधी इतर मालकांच्या तक्रारी वाचा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

अमेरिकेत एमएसला गेलेल्या काही श्रोत्यांचा एकच प्रश्न आलाय: "दादा, इथे जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज नव्या साध्या गाडीपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. घेऊ का?" घ्या की नका घेऊ, ते तुमचं तुम्ही ठरवा. पैसे देण्याआधी अर्धा तास कुठे घालवायचा, तेवढं मी सांगतो.

अमेरिकेत एनएचटीएसए नावाची वाहन सुरक्षेची सरकारी संस्था आहे. गाडीत धोकादायक दोष दिसला की कुठलाही मालक तिच्या वेबसाइटवर फुकट तक्रार नोंदवू शकतो. मालकाची ओळख लपवून ती तक्रार सगळ्यांना वाचायला खुली होते. मॉडेल आणि वर्ष टाकायचं, की यादी समोर येते.

माझा दिवस बग रिपोर्ट वाचण्यात जातो, त्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा वाटतो. एकटा रिपोर्ट म्हणजे पुरावा नव्हे. युजरचीच काहीतरी गडबड असू शकते. पण एकमेकांना न ओळखणारे वीस जण तीच परिस्थिती आणि तोच बिघाड सांगायला लागले, की ते तिकीट बंद करता येत नाही.

थ्री सिरीजचंच उदाहरण घ्या. इंजिन बंद, मालक घरात, आणि उभ्या गाडीला आग! अमेरिकेतल्या एबीसी न्यूजने 2017 मध्ये उभ्या बीएमडब्ल्यू पेटल्याच्या 40 हून जास्त घटना समोर आणल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने तिथे दोन रिकॉल जाहीर केले, मिळून सुमारे 10 लाख गाड्या. एका रिकॉलमध्ये 2006 ते 2011 च्या थ्री सिरीज होत्या. त्यांत एसी-हीटरच्या पंख्याचं वायरिंग आणि कनेक्टर तापायचे. दुसऱ्यात इंजिनच्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा छोटा हीटर शॉर्ट व्हायचा. हा हीटर व्हॉल्व्ह थंडीत गोठू नये म्हणून बसवलेला असतो. पुढे 2022 मध्ये याच हीटरसाठी आणखी एक रिकॉल आला, सुमारे 9 लाख 17 हजार गाड्यांचा. म्हणजे आज यादी कोरी आहे म्हणून उद्याही कोरीच राहील, असं नाही.

मग तक्रारी वाचायच्या कशा?

पहिलं, नुसता आकडा बघू नका. जास्त खपलेल्या गाडीच्या तक्रारी जास्त असणारच. टीव्हीवर बातमी आली की आकडा अचानक फुगतो, तेही लक्षात ठेवा.

दुसरं, भागानुसार बघा. रंग उडाला, स्क्रीन हँग झाली, हा वैताग आहे. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, इंधनगळती, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, हा जिवाशी खेळ आहे.

तिसरं, मजकूर वाचा. गाडी किती मैल चालली होती, वेग किती होता, आधी कुठला दिवा लागला, डीलर काय म्हणाला. हे तपशील तीन-चार तक्रारींत जुळले, तर टेस्ट ड्राइव्हला जाताना मेकॅनिकला नेमकं तेच तपासायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तक्रारी मॉडेलबद्दल असतात, पण रिकॉलचं काम तुमच्या गाडीवर झालंय की नाही, हे फक्त तिच्या 17 अक्षरी व्हीआयएन नंबरवरून कळतं. रिकॉलचं पत्र नोंदणीतल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. गाडी तीन हात फिरली, की ते पत्र भलत्याच घरी पडून राहू शकतं. त्यात अमेरिकेचा संघीय कायदा रिकॉल बाकी असलेली नवी गाडी विकू देत नाही, पण जुन्या गाडीच्या विक्रीवर तशी बंदी नाही. चकचकीत शोरूममधून घेतली तरी दोष तसाच असू शकतो.

हे किती गंभीर आहे? टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडायचं. मग अपघातात एअरबॅग नुसती फुगण्याऐवजी तिचा धातूचा डबाच फुटायचा आणि त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. एनएचटीएसएने 2016 मध्ये काही जुन्या होंडा आणि अक्युरा गाड्यांबद्दल सांगितलं, की अपघातात एअरबॅग उघडली तर ती फुटण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत आहे. त्या यादीत 2002-03 ची अक्युरा टीएल होती, म्हणजे सेकंडहँड बाजारातली लक्झरी सेडानच.

म्हणून विकणाऱ्याकडून आधी व्हीआयएन मागा. फोटो, किंमत, घासाघीस सगळं नंतर. तो नंबर एनएचटीएसएच्या साइटवर टाका. रिकॉल बाकी दिसला, तर अधिकृत डीलरकडे काम फुकट होतं. कायद्याने ही सक्ती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून 15 वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे गाडी त्याहून जुनी असेल तर डीलरला आधी फोन करा. काम पूर्ण झाल्याचा कागद हातात आल्यावरच पैसे द्या. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी सोडून द्या. बाजारात दुसऱ्या भरपूर आहेत.

भारतातल्या श्रोत्यांनो, अमेरिकेच्या साइटवरचा शोध इथल्या गाड्यांना लागू नाही. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन विचारा. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारलाही दिला.

आणि हो, गाडी घेतल्यावर काही धोकादायक दिसलं, तर तुम्हीही तक्रार नोंदवा. तारीख, वेग, किती अंतर चालली, सगळं नीट लिहा. पुढच्या वेळी तीच गाडी घ्यायला निघालेला कुणीतरी ती वाचत असेल.

प्रश्न असतील तर नेहमीसारखी व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!