पहिलीतलं मूल आणि दहावीतली सवलत

महाराष्ट्राच्या शिक्षणाचा कारभार पुण्यातून चालतो. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, कुमठेकर रस्त्यावर शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, शिवाजीनगरला परीक्षा मंडळ. शिक्षण आयुक्त इथेच आणि दिव्यांग कल्याण आयुक्तही इथेच. तरीही याच शहराच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गात बसून एक ओळ वाचू न शकणारं मूल कोणाच्या खात्यात मोडतं, हे ठरलेलं नाही. ते मूल दहावीला पोचलं की मात्र सगळी धावपळ सुरू होते. ससूनच्या खेपा, प्रमाणपत्र, लेखनिक, जादा वेळ. आयुष्यभर मी एकच गोष्ट सांगत आले आणि आजही तीच सांगणार आहे. विशेष गरज असलेल्या मुलाला शाळेने आधी शिकवायला हवं, आणि तेही पहिली ते तिसरीत, त्याच्या नेहमीच्या वर्गात, त्याच्या भाषेत. सवलत ही नंतरची गोष्ट.

पुण्याने या कामात मागे राहून चालढकल केली, असं कोणी म्हणू शकणार नाही. अंध मुलांची शाळा इथे 1934 पासून आहे. कोरेगाव पार्कातली ती वास्तू जुन्या पुणेकरांना ठाऊक असते. सुहृद मंडळाची कर्णबधिर विद्यालयं आहेत, गणेशखिंडीची बालकल्याण संस्था आहे, सेवासदनचं दिलासा आहे. रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाच्या टीडीएच मॉरिस केंद्राने कमी वजनाच्या, जोखमीच्या बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवण्याची शिस्त या शहराला लावली. माझ्या मनात मात्र नेहमी दोन सालं शेजारी शेजारी उभी राहतात. 1962 साली आप्पा पेंडशांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी काढली आणि 1964 साली मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी कामायनी सुरू झाली. दोन्ही संस्थांचं काम मोठं आहे, दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण या शहराने दोन्ही टोकांची मुलं नेहमीच्या वर्गाबाहेर काढून त्यांच्यासाठी उत्तम काही उभं केलं आणि मधला वर्ग होता तसाच ठेवला. खडू, फळा, साठ मुलं, एक बाई. त्या साठांत पाचसहा मुलं अशी असतातच की जी कामायनीत बसत नाहीत, प्रबोधिनीत तर नाहीतच. ती मुलं माझी.

खरं तर 1964 सालीच कोठारी आयोग नेमला गेला आणि त्याचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, ज्यांची भारतीय शिक्षण संस्था पुढे कोथरूडला आली. अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असला पाहिजे, हे आयोगाने 1966 च्या अहवालात मांडलं. त्यानंतरचा कागदोपत्री प्रवास वाचकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. 1974 ची एकात्म शिक्षण योजना आधी समाजकल्याणाकडे होती, 1982 मध्ये ती शिक्षण खात्याकडे आली. 1987 ला युनिसेफच्या मदतीने दहा ठिकाणी प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्र होता. मग 1995 चा कायदा, सर्व शिक्षा अभियान, 2009 चा शिक्षणहक्क कायदा, 2016 चा एकवीस प्रकारच्या अपंगत्वांचा कायदा, 2018 पासून समग्र शिक्षा. योजनांची नावं बदलत गेली, घर दुभंगलेलं राहिलं. विशेष शाळा एका खात्याकडे, नेहमीची शाळा दुसऱ्याकडे. विशेष शाळेतली अनुभवी शिक्षिका शेजारच्या महापालिका शाळेत आठवड्यातून एक तास जाऊन बसली तर केवढं काम होईल! पण तिची हजेरी कोणाच्या मस्टरवर लागणार, इथे गाडी अडते.

एकात्म योजनेतल्या फिरत्या शिक्षकांचे दिवस मला आठवतात. खांद्याच्या पिशवीत ब्रेलची पाटी, कलम, गणितासाठी टेलर फ्रेम, श्रवणयंत्राच्या जादा दोऱ्या. त्या वेळी खिशात ठेवायची यंत्रं असत आणि दोरी तुटली की मूल आठवडाभर ऐकण्यावाचून बसे. पीएमटीने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा नको, वर्गात मागे बसायला खुर्ची द्या, एवढीच मागणी. त्या फिरतीत कळत गेलं की ज्यांच्यासाठी आम्ही जातो त्या मुलांची गरज वर्गशिक्षिकेला निदान दिसते तरी. चष्मा दिसतो, यंत्र दिसतं, कुबडी दिसते. जे दिसत नाही ते मूल मागच्या बाकावर गप्प बसून असतं. जनता वसाहतीतल्या एका आईचं बोलणं माझ्या कानांत राहिलं आहे. "बाई, घरी ह्याला सगळं तोंडपाठ येतं हो. पुस्तक हातात दिलं की मुका होतो."

अशा मुलांचा विषय महाराष्ट्रात पुढे आला तो मुंबईतून आणि इंग्रजी माध्यमातून. शीवच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्यावर फार मोलाचं काम केलं. 1996 पासून राज्याने अध्ययन अक्षमतेला परीक्षेत सवलती दिल्या आणि त्यात आपलं राज्य देशात पुढे होतं. जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. या सवलतींमुळे हजारो घरांतलं रडणं थांबलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण दार उघडलं ते दहावीच्या बाजूचं. 2007 ला 'तारे जमीं पर' आल्यावर आईबाप जागे झाले, तेही बहुतेक ज्यांना तपासणीची फी परवडत होती ते.

चाचण्यांचंही तसंच. मराठीत बुद्धिमापनाची परंपरा नव्हती असं कोणी समजू नये. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी 1930 च्या दशकातच बसवली होती, आणि नागपूरच्या डॉ. मालिन यांची मुलांसाठीची चाचणी साठच्या दशकाअखेरची. बुद्धी मोजता येत होती. वाचन मोजायला मात्र कित्येक वर्षं परदेशी इंग्रजी चाचण्याच वापरल्या गेल्या. मराठी माध्यमातल्या, घरी मराठीसुद्धा निराळ्या वळणाची बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दांची यादी वाचायला देऊन त्याची अक्षमता ठरवायची! राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही मराठीसह भारतीय भाषांतली तपासणी 2015 साली आली. तोवर मुलांच्या दोन पिढ्या निघून गेल्या होत्या.

इथे मला एका जुन्या वादाला तोंड फोडलंच पाहिजे. आपल्याकडे विद्वानांचा एक गट आहे. देवनागरी उच्चारानुसारी आहे, बोलतो तसं लिहितो, सबब वाचनअक्षमता हे इंग्रजीचं दुखणं आहे, असं ते व्यासपीठावरून सांगतात. त्यांनी पहिली-दुसरीच्या वह्या पाहिलेल्या नाहीत. मूल 'कि' म्हणताना आधी क म्हणतं, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढायची. 'सूर्य'मधला र य च्या आधी ऐकू येतो, पण जाऊन बसतो य च्या डोक्यावर. एकाच र ची जोडाक्षरांतली रूपं पाहा: 'सर्प'मधला रफार, 'प्रकाश'मधली तिरकी रेघ, 'ट्रक'मधली खालची टोपी, 'सुऱ्या'मधला वळणदार अर्धा र. आपण 'करतो' लिहितो आणि म्हणतो 'कर्तो'. जोडाक्षरं नुकती शिकलेलं मूल ऐकलं तसं इमानाने 'कर्तो' लिहितं आणि लाल फुली मिळवतं. घ-ध, भ-म, ब-व, ड-ढ यांची गल्लत तर रोजची. 'पाणी'चं 'पणी' होतं, 'शिक्षक'चा 'शिशक'. मुळाक्षरं पन्नासच, पण बाराखडी धरली की चारशेच्या वर आकार ओळखावे लागतात, जोडाक्षरं वेगळीच. बहुतेक मुलं हा डोंगर दुसरीच्या दिवाळीपर्यंत चढतात. काही चढत नाहीत. आणि काही अशी असतात की एकेक अक्षर बरोबर वाचतात, चूक सापडत नाही, पण ओळ संपेपर्यंत आधीचा शब्द हातातून निसटलेला असतो. ही शेवटची मुलं इंग्रजी पद्धतीच्या चाचणीत सहज निसटतात, कारण त्यांची अडचण चुकांत नसते, गतीत असते. लिपी सोपी आहे असं सांगून त्यांना आपण आळशी ठरवतो.

उपाय काय, तो महाराष्ट्रातच सापडलेला आहे आणि त्यासाठी मी फलटणकडे बोट दाखवते. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन, कर्माने पुऱ्या मराठी असलेल्या विदुषीने प्रगत शिक्षण संस्थेत, वस्तीतल्या वाचता न येणाऱ्या मुलांबरोबर बसून वाचन शिकवण्याची रीत घडवली. सगळी वर्णमाला एकदम मुलावर लादायची नाही. चारपाच अक्षरं आणि एकदोन स्वरचिन्हं यांचा छोटा गट घ्यायचा, त्यांतून लगेच अर्थाचे शब्द, शब्दांतून लगेच वाक्यं. त्या गटावर मुलाचा हात बसला की पुढचा गट. काना-मात्रेसाठी बाराखडी संपायची वाट पाहायची नाही. 1986 साली सुरू झालेल्या त्यांच्या शाळेला नाव आहे कमला निंबकर बालभवन, आणि कमलाताई निंबकर म्हणजे मुंबईत 1950 साली व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय काढणाऱ्या बाई. अपंगांच्या हातांना काम शिकवणाऱ्या बाईंच्या नावाच्या शाळेत वाचनाची ही रीत वाढली, याचा मला फार आनंद वाटतो. पुढे वाड्याजवळच्या सोनाळ्यात क्वेस्ट या संस्थेने आदिवासी मुलांबरोबर त्याच दिशेने पद्धतशीर काम केलं.

आम्ही हीच रीत महापालिकेच्या शाळांत आणली. वाळूत बोट फिरवणं, अक्षरपत्ते मांडणं, मुलाने सांगितलेली गोष्ट बाईंनी त्याच्या शब्दांत लिहून घेणं आणि मग ती त्यालाच वाचायला देणं. दिवसाला अर्धा तास, चारपाच मुलं, तिसऱ्या तासाला, व्हरांड्यात सतरंजी घालून. मधली सुट्टी कापायची नाही आणि खेळाचा तास तर नाहीच. जे मूल वाचनात हरतं ते बहुधा तिथेच जिंकत असतं. मूल पुन्हा वर्गात गेलं की वर्गशिक्षिकेने त्याला फळ्यावरून उतरवून घ्यायला लावायचं नाही, छापील कागद द्यायचा आणि तोंडी उत्तर ग्राह्य धरायचं. ज्या बाईंनी हे मनापासून केलं त्यांच्या वर्गातली बाकीची मुलंही चांगलं वाचू लागली. अक्षरनंदनसारख्या मराठी शाळेत विशेष मुलं इतरांच्या बरोबर शिकतात, तिथे गेलेल्या कोणालाही हे दिसतं. पुण्याबाहेरचे लोक ते पाहायला येतात. पुण्यातलेच मुख्याध्यापक फार कमी.

दुसरा एक गट आहे, त्याच्याशीही माझं पटत नाही. सगळ्या विशेष शाळा बंद करा, सगळी मुलं नेहमीच्या वर्गात घाला, म्हणजे समावेशन झालं, असं तो म्हणतो. ज्या मुलाला दिवसात चार वेळा शरीर हलवून द्यावं लागतं, ज्याला सांकेतिक भाषेखेरीज बोलता येत नाही, त्याला मदतनीस आणि खुणांची भाषा जाणणारी शिक्षिका न देता चाळीस मुलांत बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा मुलाला विशेष शाळा लागेल, कधी घरी येणारी शिक्षिका लागेल. माझा आग्रह मधल्या मुलांसाठी आहे, आणि संख्येने तीच सर्वांत जास्त आहेत.

आज काय दिसतं? बाणेर-बावधनकडच्या महागड्या शाळांत रिसोर्स रूम आहेत, सावलीशिक्षिका आहेत, त्यांचा पगार बहुधा पालक देतात. महापालिकेच्या मराठी शाळेत ज्याच्यासाठी असा पगार द्यायला कोणी नाही ते मूल बसलेलं आहे. समग्र शिक्षेत एका विशेष मुलामागे वर्षाला 3500 रुपये धरले जातात. महिन्याचे तीनशेसुद्धा होत नाहीत. त्यात साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता सगळं. आणि 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, म्हणजे तिसरीत राहिलेली अडचण आता पाचवीतच मुलाला मागे ठेवील.

मुलांच्या अडचणी ओळखण्यासाठी एनसीईआरटीने 2022 ला 'प्रशस्त' नावाचं ॲप काढलं. वर्गशिक्षिकेने खुणा करायच्या, मग विशेष शिक्षिकेने पुढची यादी भरायची. यादी चांगली आहे. पण मी अलीकडे ज्या शाळांत गेले तिथे ती भरून झाली की काम संपलं असं समजलं जातं. जी मुलं यादीत सापडली त्यांना उद्या सकाळी कोण शिकवणार, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. पूर्वी शिक्षिकेकडे साधनं नव्हती, वेळ होता. आता मोबाईलवर साधनं आहेत आणि तिचा वेळ निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, फोटो काढून पाठवणं यांत जातो. मनापासून शिकवणाऱ्या तरुण शिक्षिका आजही भेटतात. त्यांना वर्गात राहू दिलं जात नाही, याचं मला दुःख आहे.

कायद्याची उणीव नाही, हे आवर्जून सांगते. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे की अध्ययन अक्षमतेची प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षापर्यंत शाळेनेच करायची, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी. आपल्या शाळेतल्या या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे पालकांनी विचारावं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण घालून दिलं. 2024 मध्ये राज्याने शाळांच्या केंद्रामागे एक याप्रमाणे 4860 विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्यांना त्यांत सामावून घेण्याचं ठरवलं. ही बातमी वाचून मला अतिशय समाधान वाटलं.

आता प्रश्न हा की या शिक्षकांनी दिवसभर काय करायचं. एका केंद्रात अनेक शाळा. शिबिरं, मोजमाप, प्रमाणपत्रांचा पाठपुरावा, पोर्टल यांतच त्यांना गुंतवलं तर 4860 कारकून मिळतील. त्यांची सकाळ पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी राखून ठेवा. शिबिरं आणि कागद दुपारी. त्यांच्या दैनंदिनीत या आठवड्यात कोणत्या मुलाबरोबर कोणता अक्षरगट घेतला आणि तो कितपत बसला, याचा रकाना असावा आणि केंद्रप्रमुखांनी आधी तोच पाहावा. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचनात अडलेल्या एका मुलाबरोबर पूर्ण सत्र काम केल्याशिवाय त्याला पदविका देऊ नये. आणि बालभारतीने पहिली-दुसरीसाठी मोठ्या टायपात, एका पानावर दोनच ओळी असलेल्या, मोजक्या अक्षरगटांच्या गोष्टींची छोटी पुस्तकं काढावीत. प्रत्येक शाळेला त्यांचे पाच संच द्यावेत, आणि ते कपाटात कुलूपबंद न ठेवता वर्गात दोरीवर टांगावेत.