हॉकीचा डिफेंडर घडायला इतकी वर्षं का लागतात? तालुक्याच्या मैदानापासून भारतीय संघापर्यंतचा रस्ता समजून घ्या

पॅरिस ऑलिम्पिक, ४ ऑगस्ट २०२४. भारत आणि ग्रेट ब्रिटन यांच्यात हॉकीचा उपांत्यपूर्व सामना सुरू होता. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच भारताचा बचावपटू अमित रोहिदासला पंचांनी लाल कार्ड दाखवलं. पुढची जवळपास ४३ मिनिटं भारत दहाच खेळाडूंवर खेळला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताने शूटआउटमध्ये ४-२ ने बाजी मारली. पण लाल कार्डामुळे रोहिदासला उपांत्य सामन्यात खेळता आलं नाही. त्या सामन्यात जर्मनीने भारताला ३-२ ने हरवलं.

संघात एक डिफेंडर नसला की काय होतं, हे त्या दोन सामन्यांत सगळ्या देशाने पाहिलं. एरवी या खेळाडूचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. गोल मारणाऱ्याचा फोटो छापून येतो आणि गोल अडवणारा मागे राहतो. गावाकडची अनेक मुलं-मुली याच जागेवर खेळतात आणि नेमकी १६ ते १९ या वयात खेळ सोडून देतात. घरचे म्हणतात, "इतकी वर्षं झाली, अजून काही नाव झालं नाही, बास आता."

हा निर्णय बरोबर की घाईचा, हे ठरवायचं असेल तर डिफेंडर घडतो कसा ते आधी समजून घ्यायला हवं.

डिफेंडरचं नेमकं काम काय?

हॉकीत ११ खेळाडू असतात आणि १५-१५ मिनिटांची चार सत्रं होतात. गोलपोस्टसमोर जो अर्धगोल आखलेला असतो त्याला सगळे 'डी' म्हणतात. गोल मोजायचा तर समोरच्याची स्टिक चेंडूला डीच्या आत लागलीच पाहिजे. त्यामुळे चेंडू डीमध्ये येऊ न देणं हे डिफेंडरचं पहिलं काम.

ऐकायला सोपं वाटतं, पण नियम कडक आहेत. स्टिकची फक्त सपाट बाजू वापरायची, गोल बाजू लागली की फाउल. चेंडू पायाला लागला तरी फाउल. आणि ही चूक आपल्याच डीमध्ये झाली, तर समोरच्या संघाला थेट पेनल्टी कॉर्नर मिळतो. म्हणजे पुढे खेळणाऱ्याचे पाच प्रयत्न फसले आणि सहाव्यात गोल झाला, तर तो हिरो. डिफेंडरने पाच वेळा अडवलं आणि सहाव्या वेळी पाय लागला, तर तो दोषी. या जागेवरचं दडपण असं असतं.

कार्डांचाही धोका असतोच. हिरवं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं तर कमीत कमी पाच मिनिटं बाहेर आणि लाल मिळालं तर त्या सामन्यातून कायमचं बाहेर. उशिरा टॅकल केलं, रागात स्टिक घातली, की संघ एका माणसाने कमी झालाच.

पेनल्टी कॉर्नर: जिवावरचं काम

पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीचे सगळे मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे जातात. चेंडू आत आला की एक डिफेंडर सगळ्यांच्या आधी फटका मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो. त्याला 'फर्स्ट रशर' म्हणतात. समोरून येणारा ड्रॅग फ्लिक ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड, हातात ग्लोव्हज असले तरी धाडस लागतंच.

टोकियो ऑलिम्पिकमधला कांस्यपदकाचा सामना आठवून बघा. भारत ५-४ ने पुढे होता, शेवटचे काही सेकंद उरले होते आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला आणि देशाला ४१ वर्षांनी हॉकीचं ऑलिम्पिक पदक मिळालं. श्रीजेशचं नाव घराघरात पोहोचलं, ते योग्यच झालं. पण त्याच्यापुढे धावून जाणारे, कोपरा झाकणारे डिफेंडर नसते तर एकट्या गोलरक्षकाला ते जमलं नसतं.

हे धावणं नुसतं अंगातल्या ताकदीने येत नाही. कुठल्या रेषेत धावायचं, समोरचा खेळाडू मारणार की बाजूला देणार, स्टिक कुठल्या उंचीवर ठेवायची, हे शेकडो वेळा केल्यावरच अंगवळणी पडतं.

मग वेळ कुठे लागतो?

पहिली अडचण मैदानाची. गावाकडे मातीवर खेळतात. मातीवर चेंडू उसळतो, दिशा बदलतो, वेग कमी होतो. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा मात्र टर्फवर होतात. तिथे चेंडू जमिनीला चिकटून सुसाट येतो. मातीवर शिकलेल्या मुलाला कमरेतून आणखी खाली वाकून खेळायला, स्टिक जमिनीवर आडवी टाकून अडवायला नव्याने शिकावं लागतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत चांगला खेळाडूसुद्धा टर्फवर साधा वाटतो. इथेच अनेकांचा धीर सुटतो.

दुसरी गोष्ट डोक्याची. लहान वयात डिफेंडर चेंडूवर झडप घालतो. मोठ्या पातळीवर हेच अंगलट येतं, कारण समोरचा त्याला हूल देऊन निघून जातो. चांगला डिफेंडर झडप घालत नाही. तो समोरच्याला हळूहळू बाजूच्या रेषेकडे ढकलत नेतो, त्याचा रस्ता बंद करतो आणि मग चेंडू काढून घेतो. थांबायचं कधी आणि घुसायचं कधी, हे सामने खेळूनच कळतं. कोच फळ्यावर कितीही समजावू दे.

तिसरी गोष्ट म्हणजे चुका. डिफेंडरची चूक थेट गोल देऊन जाते. म्हणून या चुका मोठ्या स्पर्धेत होण्याआधी छोट्या स्पर्धेत होऊन गेलेल्या बऱ्या. शालेय, सब-ज्युनिअर, ज्युनिअर स्पर्धांचं खरं मोल इथे आहे.

हरमनप्रीतचं उदाहरण

भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग हा अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल गावचा. घर शेतकऱ्याचं. लहानपणी शेतीच्या गाड्यांचे जड, गंजके गिअर टाकून हातात जोर आला, असं तो सांगत आलाय. २०११ मध्ये तो जालंधरच्या सुरजित हॉकी अकादमीत दाखल झाला. तिथून पुढचा प्रवास पायरी पायरीने झाला:

- २०१४: मलेशियातल्या ज्युनिअर संघांच्या सुलतान ऑफ जोहोर कपमध्ये ९ गोल, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू.
- २०१५: वरिष्ठ संघात पदार्पण. त्याच वर्षी ज्युनिअर आशिया कपच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर ६-२ ने विजय, त्यात ४ गोल हरमनप्रीतचे.
- ऑगस्ट २०१६: वयाच्या विशीत रिओ ऑलिम्पिक. भारत उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमकडून हरला.
- डिसेंबर २०१६: पुन्हा ज्युनिअर संघात. लखनौला ज्युनिअर विश्वचषक, अंतिम सामन्यात त्याच बेल्जियमवर २-१ ने विजय. १५ वर्षांनी भारताकडे हा चषक आला.

यातली शेवटची ओळ नीट वाचण्यासारखी आहे. ऑलिम्पिक खेळून आलेला मुलगा चार महिन्यांनी ज्युनिअर संघात खेळला. 'खाली गेला' असं कुणी म्हणू शकलं असतं. पण ऑलिम्पिकचा अनुभव घेऊन आपल्या वयाच्या मुलांबरोबर खेळणं, जबाबदारी घेणं हेच त्याच्या कामी आलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टोकियोत ६ गोल आणि कांस्य. पॅरिसमध्ये कर्णधार, १० गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त आणि पुन्हा कांस्य. स्पेनविरुद्धच्या पदकाच्या सामन्यात भारताचे दोन्ही गोल त्याचेच. म्हणजे अकादमीत पाऊल टाकल्यापासून पहिल्या ऑलिम्पिक पदकापर्यंत दहा वर्षं गेली.

अमित रोहिदासचा रस्ता याहून अवघड होता. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातला हा आदिवासी पट्ट्यातला मुलगा २०१३ मध्ये भारताकडून खेळला, मग काही वर्षं संघाबाहेर राहिला आणि २०१७ मध्ये परत आला. मधल्या काळात देशातल्या स्पर्धा खेळत राहिला म्हणूनच परतता आलं. टोकियोचं पदक गळ्यात पडलं तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

आपल्याकडचा रस्ता

हे सगळं पंजाब-ओडिशाचं, आपल्याकडे कुठे, असं वाटणं साहजिक आहे. पण सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याकडे बघा. या दुष्काळी पट्ट्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या दोघी २०२२ च्या महिला ज्युनिअर विश्वचषकात भारताकडून खेळल्या. त्यातली अक्षता डिफेंडर. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. वैष्णवी पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या वरिष्ठ संघातही होती.

साधारण पायऱ्या अशा आहेत:

१. शालेय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. शाळेने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे नाव नोंदवलं की जिल्हा, विभाग, राज्य असा क्रम. नेहरू हॉकी स्पर्धा १५ आणि १७ वर्षांखालच्यांसाठी वेगळी होते.

२. क्रीडा प्रबोधिनी. राज्य सरकारच्या निवासी प्रबोधिनीत चाचण्या घेऊन प्रवेश मिळतो. राहणं, जेवण, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी. पुण्यात हॉकीची सोय आहे. वयाची अट आणि चाचणीची तारीख जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारावी.

३. सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा. हॉकी इंडियाच्या या स्पर्धा अनुक्रमे १६ आणि १९ वर्षांखालच्यांसाठी. राज्य संघात निवड झाली की निवड समितीची नजर इथेच पडते.

४. खेलो इंडिया. यातून निवडलेल्या खेळाडूला वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांपर्यंत मदत ठरवलेली आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, हातखर्चासाठी. बाकी रक्कम प्रशिक्षण, राहणं, साहित्य यासाठी.

५. हॉकी इंडिया लीग. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा महिलांचीही झाली. लिलावात २४ जणांच्या संघात ४ ज्युनिअर घेणं बंधनकारक होतं. म्हणजे १८-२० वर्षांच्या पोरांना परदेशी खेळाडूंबरोबर एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसायला मिळतं. याच लिलावात हरमनप्रीतला ७८ लाखांची बोली लागली, सगळ्यात जास्त.

पालकांनी काय बघावं?

डिफेंडरची प्रगती गोलांच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. कोचला चार प्रश्न विचारा. पोराचे डीमधले फाउल कमी झाले का? चेंडू काढून घेतल्यावर तो नुसता लांब मारतो की आपल्या खेळाडूला देतो? सामन्याच्या शेवटच्या सत्रात दम टिकतो का? चूक झाल्यावर मान खाली घालतो की लगेच जागेवर येतो? ही उत्तरं दर वर्षी सुधारत असतील, तर मुलगा वाढतोय. सुधारत नसतील, तर कोचशी बसून मोकळेपणाने बोला.

शिक्षण मात्र सोडू नका. भारतीय संघात जागा मोजक्याच असतात आणि प्रत्येक पोराला ती मिळणार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. पण खेळ वाया जात नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला नियमात बसणाऱ्यांना वाढीव गुण मिळतात. रेल्वे, पोलीस, सैन्यदलांचे स्वतःचे हॉकी संघ आहेत. त्यासाठी स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि त्यांची पडताळणी वेळेत करून घ्या. जन्मतारखेच्या कागदात खाडाखोड करायचा मोह तर टाळाच. वय लपवलेलं उघडकीला आलं तर पोराची सगळी मेहनत पाण्यात जाते.

आणि १७ व्या वर्षी नाव झालं नाही म्हणून स्टिक माळ्यावर टाकू नका. फॉरवर्ड लवकर चमकतो, डिफेंडर उशिरा पिकतो. ज्युनिअरचे सामने मिळत असतील, कोचचा भरवसा असेल आणि पोराची खेळायची इच्छा असेल, तर आणखी दोन हंगाम थांबायला हरकत नाही.