आजीला जंगल झेपतं, झेपत नाहीत त्या पायऱ्या

हुबळीहून कारवारच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर कलघटगी येतं. लाखेच्या रंगांनी चकाकणाऱ्या लाकडी पाळण्यांसाठी हे गाव आमच्या मुलखात नावाजलेलं आहे. इथून पुढे काळी माती मागे पडते, साग सुरू होतो आणि यल्लापूर किंवा हल्याळ-दांडेलीच्या अंगाला जंगलातली महागडी रिसॉर्टं लागतात. सुट्टीत या रस्त्यानं गाड्या भरभरून जातात. गाडीत आईबाबा असतात, मुलं असतात. आजी-आजोबा मात्र बऱ्याचदा घर राखायला मागे. व्हीलचेअरवरची आत्या नाही, गोंगाटानं बिथरणारा स्वमग्न भाचाही नाही. “त्यांना कुठलं झेपायला जंगल!” हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज.

खरं तर जंगल बघणं हे बसून करायचं काम आहे. व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या वाटेवर गाडीतून उतरताच येत नाही. चाळिशीतला धडधाकट मुलगा आणि ऐंशीची आई, दोघं सारखेच बसून असतात. गणेशगुडीचं ओल्ड मॅगझिन हाऊस घ्या. सुपा धरण बांधताना स्फोटकं ठेवायची ही जागा. आज ती जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीकडे आहे. तिथे पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडं केली आहेत. समोर गप्प बसायचं, पक्षी आपणहून येतात. काली व्याघ्र प्रकल्पाच्या या पट्ट्यात धनेशाच्या चार जाती आहेत. विणीच्या काळात मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला फळं भरवत राहतो. हे बघायला धड गुडघे लागत नाहीत.

अडतं ते दुसरीकडेच. आईला घेऊन आम्ही एका रिसॉर्टवर गेलो होतो. फोनवर “सगळी सोय आहे” असं ठासून सांगितलं होतं. गेलो तर कॉटेज खांबांवर उभं, सहा उंच पायऱ्या, कठडा एकाच बाजूला आणि तोही डावीकडे. आईचा जोर उजव्या हातात. न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की वॉकर तिरका करून आत सरकवावा लागे, वर दोन इंचांचा उंबरठा. दोन दिवस ती व्हरांड्यातच बसून राहिली, ताटही तिथेच आलं. आम्ही सफारीहून परतलो की ती विचारायची, “काय दिसलं रे?” त्या प्रश्नानं फार लाजलो मी.

“आमच्याकडे रॅम्प आहे” एवढ्यावरही विसंबू नका. रॅम्पचा मान्य उतार एकास बारा असतो. म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प 24 फूट लांब हवा. पाच फुटांची फळी टाकली तर ती घसरगुंडी झाली, तिच्यावरून खुर्ची ढकलणाराही पडेल. दार 90 सेंटिमीटर हवं, न्हाणीघरात खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा हवी, कमोडशेजारी घट्ट दांडी हवी. तेव्हा बुकिंग करताना सोय आहे का, असं विचारूच नका. पायऱ्या किती, दार किती, हे आकड्यांत विचारा आणि फोटो मागवा. जीपमध्ये चढायला स्टूल ठेवतात का, तेही विचारा. स्वमग्न मूल बरोबर असेल तर गर्दीच्या कँटरऐवजी पूर्ण जीप आपल्यापुरती घेता येईल का, ते बघा.

पॅकेजमध्ये “सगळं समाविष्ट” असतं ते खोली, जेवण, सफारी. माणसं समाविष्ट आहेत का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

औषधांची भीती निम्मी अज्ञानातून येते. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन 30 अंशांखालच्या तापमानात साधारण चार आठवडे फ्रीजविना टिकतं. तापलेल्या गाडीत तेवढं सोडू नये. मोठं रुग्णालय किती तासांवर आहे, हे मात्र निघण्याआधीच बघून ठेवा. या भागात बहुतेकदा हुबळी किंवा धारवाडच गाठावं लागतं. आणि भाषेची काळजी नको. हल्याळ-जोयड्याकडे मराठी बोलणारी माणसं पुष्कळ. धनगर गवळ्यांच्या वाड्यांवर तर घरातली बोली मराठीच. आजीला गप्पांना माणूस मिळतो.

राहता राहिला मेहरबानीचा गैरसमज. अपंगांसाठी सोय करणं हा रिसॉर्टवाल्याचा चांगुलपणा नव्हे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, सुगम्यतेची जबाबदारी त्याच्यावर आहे. नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला बजावलं, की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. तक्रार करताना हे ठाऊक असलेलं बरं. आवाज आपोआप ठाम होतो.

पुढच्या खेपेला मी दारांची मापं आधी मागवली. तळातली खोली, एकच बुटकी पायरी, अंगणात हातांची खुर्ची. सकाळी सातच्या सुमाराला महाधनेश डोक्यावरून गेला. त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो. आईला हल्ली कमी ऐकू येतं. पण आमच्या आधी मान तिनं वर केली.