व्रत एकाचं, हक्क दुसऱ्याचा
माणूस म्हणून : लेखांक नववा

सेवाग्राम आश्रमात संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर होते. १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ आता केवढा तरी पसरला आहे. तिथल्या मोकळ्या आवारात जो येईल तो बसतो. मूर्ती नाही, गाभारा नाही, उंबरठाही नाही. प्रार्थनेची सुरुवात एका जपानी बौद्ध मंत्रानं होते. मग ईशावास्य येतं, कुराणातला फातिहा येतो, पारशी प्रार्थना येते. याच प्रार्थनेत अकरा व्रतांचा उच्चार होतो. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, असंग्रह, शरीरश्रम, अस्वाद, भयवर्जन, सर्वधर्मसमानत्व, स्वदेशी आणि स्पर्शभावना. वर्ध्याकडच्या कितीतरी घरांत ही नावं तोंडपाठ असतात. तोंडपाठ असतात म्हणूनच त्यांच्याकडे नीट पाहायचं राहून जातं.

मागच्या आठवड्यात एक प्रश्न अर्धवट सोडला होता. मानवी हक्क धर्मांच्या पोटातून आले, की धर्मांशी भांडून मिळवावे लागले? उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. सेवाग्राम, वर्धा आणि नागपूर एवढ्या टापूत बरंचसं हाती लागतं.

१९४७ साली युनेस्को ही संस्था अगदी नवी होती. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू होती आणि युनेस्कोनं जगभरच्या विचारवंतांना एक प्रश्नावली पाठवली. तुमच्या परंपरेत माणसाचे हक्क कोणते मानले जातात आणि कशाच्या आधारावर, असा त्या प्रश्नावलीचा रोख. संस्थेचे पहिले महासंचालक ज्युलियन हक्सले यांनी गांधीजींनाही लिहिलं. गांधीजींनी २५ ऑगस्ट १९४६ रोजी सेवाग्राम सोडलं होतं. ते पुन्हा इथे आले नाहीत. बंगाल आणि बिहारमधल्या दंग्यांत होरपळलेल्या माणसांमध्ये ते फिरत होते. सवड नव्हती, तरी मे १९४७ मध्ये त्यांनी हक्सलेंना छोटंसं उत्तर पाठवलं. त्यात त्यांनी एकाही ग्रंथाचा हवाला दिला नाही. आधार दिला तो निरक्षर पण शहाण्या आईचा. तिच्याकडून आपण शिकलो की हक्क मिळतात आणि टिकतात ते नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून. जगण्याचा हक्कसुद्धा जगाचा नागरिक म्हणून असलेलं कर्तव्य केल्यावरच पदरात पडतो, असं त्यांनी लिहिलं.

त्याच प्रश्नावलीला दुसरं उत्तर गेलं नागपूरहून. नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे श्री. व्यं. पुणतांबेकर हे गांधीजींना अनोळखी नव्हते. हातसूत आणि हातमाग या विषयावर एन. एस. वरदाचारी यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला निबंध बक्षीसपात्र ठरून १९२६ साली अखिल भारतीय चरखा संघातर्फे प्रसिद्ध झाला होता. मानवी हक्कांची हिंदू कल्पना मांडताना पुणतांबेकरांनी मनू आणि बुद्ध या दोघांचं नाव एका दमात घेतलं आणि दहा गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या पाच समाजानं द्यायच्या मुक्तता आहेत आणि पाच माणसाच्या अंगी असायचे गुण. समाजानं द्यायच्या पाच अशा: हिंसेपासून मुक्तता म्हणजे अहिंसा, अभावापासून मुक्तता म्हणजे अस्तेय, पिळवणुकीपासून मुक्तता म्हणजे अपरिग्रह, विटंबनेपासून मुक्तता म्हणजे अव्यभिचार, आणि अकाली मरण व रोग यांपासून मुक्तता म्हणजे आरोग्य. गुणांच्या बाजूला अक्रोध, भूतदया, ज्ञान, सत्य आणि अभय.

ही यादी आणि आश्रमातली व्रतं शेजारी ठेवा. अहिंसा, सत्य आणि अस्तेय दोन्हीकडे जशीच्या तशी आहेत. असंग्रह तिकडे अपरिग्रह होतो, भयवर्जन अभय होतं. शब्द तेच, पण फिरवून ठेवलेले. आश्रमात अस्तेय म्हणजे मी चोरी करणार नाही. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० साली आश्रमवासीयांना दर आठवड्याला लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी त्याचा अर्थ आणखी ताणला होता. गरज नसताना घेतलेली वस्तूही चोरीचीच. पुणतांबेकरांनी तोच शब्द समोरच्या माणसाच्या बाजूनं वाचला. मी गरजेपेक्षा जास्त घेतलं नाही, तर कुणाच्या तरी ताटात कमी पडणार नाही. म्हणून माझं अस्तेय ही त्याची अभावापासून मुक्तता.

धर्म आणि मानवी हक्क यांचं नातं मला या एका शब्दात सगळ्यात स्वच्छ दिसतं. हक्क हा शब्द आपल्या जुन्या ग्रंथांत आज ज्या अर्थानं वापरतो त्या अर्थानं सापडत नाही. म्हणून ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. पण तिथे काहीच नव्हतं हेही खरं नाही. व्रत होतं. व्रत घेणारा एक असतो आणि ते पाळलं गेलं की त्याचा लाभ दुसऱ्याला होतो. त्या दुसऱ्याच्या जागी उभं राहून तेच व्रत वाचलं की हक्क दिसू लागतो.

पण व्रत घेणाऱ्यानं ते पाळलंच नाही तर? किंवा त्यानं ते घेतलंच नाही तर? दुसऱ्यानं काय करायचं, त्याच्या दाराशी किती पिढ्या उभं राहायचं?

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांच्या घराण्याचं. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुलं केलं. त्रावणकोरच्या महाराजांची प्रसिद्ध मंदिरप्रवेश घोषणा १९३६ सालची, म्हणजे वर्धा तिच्या आठ वर्षं पुढे होतं. स्वतःच्याच जातभाईंचा रोष पत्करून एका व्यापाऱ्यानं घराण्याच्या देवळाचं दार उघडलं, ही धैर्याची गोष्ट आहे आणि वर्धेकरांनी तिचा अभिमान जरूर बाळगावा. तरीही तेव्हाच्या दलित माणसाच्या नजरेनं बघा. दार उघडलं ते मालकाच्या मनात आलं म्हणून. शेजारच्या देवळाच्या मालकाच्या मनात आलं नाही, तर ते बंदच. चवदार तळ्याचं पाणी आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. आंबेडकरांनी प्यायलं, तेव्हा त्यांनी कुणाच्या मनाची वाट पाहिली नव्हती. या दोन घटनांमध्ये सव्वा वर्षाचं अंतर आहे, पण विचारातलं अंतर पुष्कळ मोठं आहे.

हे अंतर १९३६ साली कागदावर आलं. आंबेडकरांचं जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषण त्या वर्षी पुस्तकरूपानं निघालं. त्यात त्यांनी धर्मातले नियम आणि धर्मातली तत्त्वं वेगळी काढली. नियम सांगतो की अमकं कर, तमकं करू नको. तत्त्व माणसाला स्वतः न्याय करायला लावतं, म्हणून त्यात जबाबदारी येते. हिंदू धर्म म्हणून जे सांगितलं जातं तो नियमांचा आणि मनाईंचा गठ्ठा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजी त्याच उन्हाळ्यात शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. ‘हरिजन’च्या जुलैमधल्या दोन अंकांत त्यांनी उत्तर दिलं. जातीचा धर्माशी संबंध नाही हे त्यांनी मान्य केलं, पण वर्णाची कल्पना सोडली नाही. माझ्या मते त्या वादात आंबेडकरांची बाजू भक्कम होती. तत्त्व आणि नियम यांतला त्यांचा भेद केवळ हिंदू धर्मापुरता नाही. प्रत्येक धर्माला तो लावून पाहता येतो. हक्कांना बळ मिळालं ते तत्त्वांकडून आणि वाट अडवली ती नियमांनी.

आपल्या वारकरी परंपरेतच पाहा. चोखोबांचे अभंग सहाशे वर्षं गायले गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी आहे, दाराबाहेर. संत म्हणून त्यांच्यापुढे मान लववायची आणि त्यांच्या जातीच्या माणसाला आत सोडायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच देवळात एकाच वेळी चालत होत्या. साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि शेवटी १ मे १९४७ रोजी पंढरपूरला उपोषणाला बसले. दहा दिवसांनी दार उघडण्याचं ठरलं आणि उपोषण सुटलं. हक्सलेंना गांधीजींचं उत्तर गेलं तेही त्याच महिन्यात. एकीकडे हक्कांचं मूळ कशात आहे याबद्दल जगातल्या विद्वानांना पत्रं जात होती आणि दुसरीकडे एक मास्तर त्याच प्रश्नासाठी आपला जीव पणाला लावत होता.

व्रताची थोरवी आणि त्याची मर्यादा दोन्ही दाखवणारी एक झोपडी सेवाग्रामात आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, गांधीजींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. कुष्ठरोग झाला आणि त्यांना कुठेच थारा उरला नाही. ते आश्रमाच्या दाराशी आले. आश्रमात लहान मुलं होती, इतर माणसं होती, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी उभारली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालिश केलं. पायाशी वाकून बसलेल्या गांधीजींचं ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. अकरावं व्रत, स्पर्शभावना, त्या छायाचित्रात डोळ्यांना दिसतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली होती. पण ज्या रुग्णाला गांधीजी किंवा मनोहरजी भेटले नाहीत, त्याचं काय? कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत किती वर्षं बसलं होतं, माहीत आहे? ते काढून टाकणारी दुरुस्ती २०१९ साली झाली. परचुरे शास्त्रींच्या झोपडीपासून संसदेपर्यंत यायला इतका काळ गेला.

व्रताला कायद्याची जोड मिळण्याचा सगळ्यात मोठा दिवस मात्र त्याआधीच येऊन गेला होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं, आजचं कलम १७. मंजुरीच्या वेळी सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयघोष झाला. गांधीजी जाऊन दहा महिने झाले होते आणि मसुदा समितीचे अध्यक्ष होते आंबेडकर. हे कलम लागू झाल्यापासून देवळाचं किंवा पाणवठ्याचं दार ही मालकाच्या मनाची बाब राहिली नाही.

पुढे अकराच दिवसांनी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. आठ देश तटस्थ राहिले. त्यांत सौदी अरेबिया होता, त्याची अडचण धर्म बदलण्याच्या हक्काची होती. जाहीरनाम्यात देवाचं नाव नाही. माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला असं लिहावं, अशी सूचना आली होती. मसुदा करणाऱ्यांतले चीनचे पी. सी. चांग यांनी विरोध केला. आमच्या देशातली माणसं वेगळ्या परंपरेत वाढली आहेत, तुमचं तत्त्वज्ञान सगळ्या जगाच्या नावावर लिहू नका, असा त्यांचा मुद्दा. त्याच चांग यांच्या आग्रहातून कन्फ्यूशियसच्या परंपरेतली, समोरच्याला आपल्यासारखंच माणूस समजण्याची कल्पना पहिल्या कलमातल्या ‘सदसद्विवेकबुद्धी’ या शब्दाच्या रूपानं आत आली. आणि त्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दरचना बदलून ‘सर्व माणसं’ असं व्हावं यासाठी भारताच्या हंसाबेन मेहता अडून बसल्या होत्या. एकोणतिसाव्या कलमात माणसाची समाजाप्रती कर्तव्यं आली आहेत. गांधीजींच्या आईचं म्हणणं तिथे शेवटाजवळ का होईना, आहे.

हंसाबेनच्या दुरुस्तीची आठवण मला पवनारला होते. धाम नदीच्या काठी विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिर स्थापलं, ते स्त्रियांसाठी. ज्या विद्येच्या वाटेवर बायकांना शतकानुशतकं अडवलं गेलं, ती विद्या त्यांनी स्वतः मिळवावी, स्वतः शेती करावी, स्वयंपाक करावा, आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घ्यावेत. एवढं सगळं ‘हक्क’ हा शब्द न उच्चारता. विनोबांनी कुराण, धम्मपद, ख्रिस्ती वचनं यांचं सार काढण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली; जैनांचं समणसुत्तं त्यांच्याच प्रेरणेनं संकलित झालं. त्यांची खटपट हीच होती: प्रत्येक ग्रंथातलं तत्त्व उचलायचं.

आणि आंबेडकर? फ्रेंच राज्यक्रांतीशी महाडची तुलना करणाऱ्या या माणसानं ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली त्रयी फ्रान्सकडून घेतलेली नाही, ती आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली आहे. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. कायदा हाती आल्यावरही त्यांना धम्म हवा होता, कारण कलम १७ पोलीस ठाण्यात चालतं, घराच्या स्वयंपाकघरात नाही. शेजाऱ्याच्या हातचं पाणी पिण्याची सक्ती कुठलाही कायदा करू शकत नाही. तिथे पुन्हा व्रतच लागतं.

पुढच्या आठवड्यात आपण पाणवठ्यांकडे जाणार आहोत, त्यासाठी वाचकांची मदत हवी आहे. तुमच्या गावातली सार्वजनिक विहीर कधी खुली झाली, कुणी खुली केली, आधी तिच्यावर कोण पाणी भरत नसे, हे सांगणारी ऐंशी-नव्वदीतली माणसं अजून घराघरांत आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि त्यांनी सांगितलं तसं लिहून पाठवा. नाव छापू नका म्हणाल तर छापणार नाही.